हॉलमधला बदलला, बेडरूममधला ठेवला: नागपुरातल्या एसी-दुरुस्ती सेवांचे परीक्षण

२०२५ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या घरातले दोन्ही एसी बिघडले. त्यांचे काय करावे हे ठरवण्यासाठी आम्ही तीन प्रकारच्या सेवा बोलावल्या: एका कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र, मोबाइलच्या ॲपवरून मिळणारी घरपोच सेवा आणि आमच्याच वस्तीतले रेफ्रिजरेशनचे एक छोटे वर्कशॉप. हे परीक्षण मुख्यतः या तीन सेवांचे आहे आणि थोडे आम्ही नंतर घेतलेल्या नव्या यंत्राचे आहे. कोणाचेही नाव मी देत नाही. एका घरातल्या अनुभवावरून एखाद्या कंपनीवर किंवा दुकानावर शिक्का मारणे योग्य नाही, आणि वाचकाला उपयोग होईल तो कोण आले होते यापेक्षा त्यांनी बिघाड कसा शोधला हे कळण्याचा.

हॉलमधला एसी २०१३ सालचा, दीड टनाचा, तीन ताऱ्यांचा, फिक्स्ड स्पीड जातीचा, म्हणजे कंप्रेसर एकाच वेगाने चालणारा, आणि आर-२२ गॅसवर चालणारा होता. सलग दोन उन्हाळे त्यात गॅस भरून घेतला होता आणि तरीही त्या वर्षी तो नुसता वारा फेकत होता. बेडरूममधला २०१८ सालचा, एक टनाचा इन्व्हर्टर, म्हणजे गरजेप्रमाणे कंप्रेसरचा वेग बदलणारा, आणि तोही ‘हॉट अँड कोल्ड’, म्हणजे हिवाळ्यात उलटा चालून खोली गरम करणारा. त्याचा आतला भाग सुरू होत असे, परंतु आउटडोअर हूं की चूं करत नव्हता आणि इनडोअरवरचा दिवा ठरावीक अंतराने लुकलुकत एक एरर कोड दाखवत होता.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी येथील हवेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण दुरुस्ती की बदल या प्रश्नाचे उत्तर शहरागणिक बदलते. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे ही बातमी होत नाही. २०१३ च्या मे महिन्यात तो ४७.९ पर्यंत गेला होता. उलट २०१८ च्या डिसेंबरअखेरीस याच शहराने ३.५ अंश पाहिले. कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर दिवसा उत्तम काम देतो आणि त्याला वीजही फार लागत नाही, त्यामुळे बहुतेक घरांत दिवसा कूलर आणि रात्री एसी अशी विभागणी असते. मात्र नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, सरून मृगाचा पहिला पाऊस पडला, की हवेत दमटपणा येतो आणि कूलर केवळ चिकचिक वाढवतो. त्या पंधरवड्यात एसीखेरीज गत्यंतर नसते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. एसीची जी क्षमता डब्यावर छापलेली असते, ती बाहेर ३५ अंश तापमान असताना मोजलेली असते. बाहेर ४५ अंश असेल तेव्हा तेच यंत्र कमी थंडावा देते आणि त्यासाठी जास्त वीज ओढते. त्यामुळे पुण्यात जे यंत्र ‘थोडे कमी थंड करते’ म्हणून आणखी चार वर्षे चालवून घेता येईल, तेच नागपुरात एप्रिलमध्येच हात टेकते.

ॲपवरची सेवा सर्वांत आधी आली, आणि त्या बाबतीत तिला पूर्ण गुण द्यावे लागतील. दिलेल्या वेळेवर मुलगा आला, चपला बाहेर काढल्या, भिंत खराब होऊ नये म्हणून प्लॅस्टिकचे जॅकेट बांधून हॉलमधला इनडोअर पाण्याच्या फवाऱ्याने स्वच्छ धुतला. त्यानंतर त्याने आउटडोअरच्या व्हॉल्व्हला गेज लावला, दाब पाहिला आणि ‘गॅस कमी आहे, पूर्ण भरावा लागेल’ असे सांगून ॲपमध्येच साडेतीन हजारांच्या वर रकमेचे कोटेशन तयार केले. गॅस कुठून गेला, असे विचारल्यावर ‘जुना झाला की संपतो’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर मी अनेकांकडून ऐकले आहे आणि ते साफ चुकीचे आहे. एसीतला गॅस हे इंधन नाही. तो बंद नळ्यांतून फिरतो, आत उष्णता घेतो, बाहेर सोडतो आणि पुन्हा आत येतो. तो वापरून कमी होत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने निघून जातो. आमचे मागचे दोन उन्हाळे हेच झाले होते. बेडरूमच्या यंत्राबाबत त्याने प्रामाणिकपणे सांगितले, की इन्व्हर्टरच्या सर्किटचे काम त्यांच्या सेवेत होत नाही, फार तर नवी पीसीबी, म्हणजे सर्किटचा आख्खा बोर्ड, मागवून बसवता येईल. म्हणून या सेवेविषयी माझे मत असे: वर्षातून एकदा धुलाई करून घ्यायची असेल तर ती नीटनेटकी, वेळेवर आणि रास्त दरात होते, निदानासाठी मात्र तिच्यावर विसंबू नये. तेथील कामगाराला ठरावीक मिनिटांत पुढच्या घरी पोहोचायचे असते आणि गळती शोधायला एवढ्या वेळात कोणालाच जमणार नाही.

अधिकृत सेवा केंद्राचा माणूस येण्यास आठवडा लागला. हंगामात हे अपेक्षितच आहे. त्याचे ज्ञान पक्के होते. बेडरूमच्या यंत्राचा एरर कोड त्याने क्षणात ओळखला, आउटडोअरच्या बोर्डापर्यंत वीज पोहोचते की नाही हे मीटर लावून तपासले, कंप्रेसरच्या तिन्ही टोकांचा रोध मोजला आणि कंप्रेसर शाबूत असून आउटडोअरची पीसीबी गेली आहे, असे स्पष्ट सांगितले. नव्या पीसीबीचे कोटेशन साडेचौदा हजार रुपयांचे, वॉरंटी संपलेली, आणि बोर्ड दुरुस्त करण्याची कंपनीची पद्धत नाही. हॉलमधल्या यंत्राची कॉइल आता कंपनीकडे मिळत नाही, त्यामुळे ‘ताई, यावर खर्च करू नका’ असा सल्ला देऊन त्याने त्याच कंपनीच्या एक्स्चेंज योजनेचे पत्रक हातात ठेवले. दुसऱ्या यंत्राबाबतही साडेचौदा हजार घालण्यापेक्षा नवे घेतलेले बरे, असे त्याचे म्हणणे पडले. माणूस सज्जन होता, आणि हॉलच्या यंत्राबाबत त्याने काढलेला निष्कर्ष पुढे बरोबरही ठरला. तरी एवढे नमूद केले पाहिजे, की हॉलच्या यंत्रातली गळती त्यानेही शोधली नाही. वय बारा वर्षे आणि कॉइल उपलब्ध नाही, एवढ्यावर निर्णय सांगून तो मोकळा झाला. ज्या केंद्राला दुरुस्तीपेक्षा विक्रीत जास्त मिळते, त्याच्या ‘बदला’ या सल्ल्याकडे थोडे सावधपणे पाहावे, असे मला वाटते.

तिसरी सेवा वर्कशॉपची. दोन शटरचे दुकान, दारात उघडे पडलेले फ्रिज, आत भिंतीला टेकलेले सिलिंडर, आणि मालक स्वतः पान्हा हातात घेऊन काम करणारे. त्यांनी हॉलच्या यंत्रात उरलेला गॅस मोजण्याच्या फंदात न पडता तो आधी आउटडोअरमध्ये ओढून घेतला, नळ्यांत नायट्रोजन भरला, गेजची सुई कुठे आहे त्यावर पेनने खूण केली आणि चहा घेऊन येतो म्हणून निघून गेले. परत आले तेव्हा सुई खुणेच्या बरीच खाली उतरली होती. मग साबणाचे पाणी. आधी आउटडोअरला नळ्या जोडणारे फ्लेअर नट पाहिले, तेथे काही नाही. इनडोअरचे कव्हर उतरवून कॉइलच्या उजव्या बाजूच्या वाकड्या नळ्यांवर ब्रशने पाणी लावले आणि खालच्या दोन बेंडांवर बारीक बुडबुडे येऊ लागले. त्यांनी मला जवळ बोलावून टॉर्च मारला. वरचे बेंड तांब्याच्या रंगाचे होते, खालचे काळे पडलेले. ‘ताई, हा काळा रंग पहा. नुसत्या जुनेपणाने तांबं असं काळं पडत नाही. याला खालून गटाराचा गॅस लागतो आहे.’

इथे या सर्व प्रकरणाचे खरे कारण सापडले. एसीतून टपकणारे पाणी बाहेर नेणारी आमची ड्रेनची नळी बसवणाऱ्याने कधीकाळी सोयीसाठी बाथरूमच्या सांडपाण्याच्या पाइपात सरळ खुपसून दिली होती, मध्ये वायू अडवणारा पाण्याचा ट्रॅप न ठेवता. सांडपाण्याच्या पाइपात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्यासारख्या वासाचा तोच वायू. एसी बंद असताना तो नळीतून वर चढतो आणि ओल्या कॉइलवर बसतो. तांब्याचे आणि त्याचे वैर आहे. नळी काळी पडते, पातळ होते आणि शेवटी सुईच्या टोकाएवढी भोके पडतात. नाल्याकाठच्या घरांत एसीची कॉइल वर्षा-दोन वर्षांत जाते, त्यामागेही हाच वायू असतो. आधीच्या कोणीही या नळीकडे पाहिले नव्हते. तेव्हा सेवा केंद्राच्या सल्ल्याने आम्ही लगेच नवा एसी त्याच जागी, त्याच नळीला जोडून लावला असता, तर त्याची कॉइलही त्याच मार्गाने गेली असती आणि तेव्हा आम्ही नव्या कंपनीला नावे ठेवली असती.

हॉलच्या यंत्रापुढे आता तीन पर्याय होते. दोन भोके ब्रेझिंगने, म्हणजे वितळलेला धातू भरून, बुजवायची आणि गॅस भरायचा, खर्च सहा-साडेसहा हजार. परंतु बाकीची नळीही पातळ झालेली असल्याने पुढचे भोक कधी पडेल याची हमी कोणीच देणार नाही, आणि मालकांनीही ती दिली नाही. दुसरा, बाहेरून त्याच मापाची कॉइल बनवून बसवायची, गॅससह चौदा हजार. तिसरा, नवे यंत्र. येथे गॅसचाही विचार करावा लागतो. आर-२२ हा ओझोनच्या थराला अपायकारक वायू असल्याने मॉन्ट्रियल कराराखाली त्याचा वापर जगभर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. भारतात १ जानेवारी २०२५ पासून नवी उपकरणे बनवताना या जातीचे वायू वापरता येत नाहीत, आणि विकसनशील देशांसाठी २०३० हे वर्ष ठरलेले आहे, ज्यानंतर केवळ जुन्या यंत्रांच्या देखभालीपुरता अगदी थोडा साठा उरेल. आर-२२ आज मिळतो, उद्याही मिळेल, परंतु तो स्वस्त होण्याची शक्यता नाही. ज्या यंत्रात तो गळणार हे ठाऊक आहे, त्यावर चौदा हजार घालणे मला पटले नाही. उलट याच वयाच्या, याच गॅसच्या यंत्राचा केवळ कॅपेसिटर गेला असता, तर काही शे रुपये खर्चून ते आणखी काही वर्षे खुशाल चालवावे, असेच मी म्हटले असते. एसीचे वय ही माहिती आहे, निकाल नव्हे. निकाल लागतो तो कोणता भाग गेला यावर.

मध्येच एका ओळखीच्या मेकॅनिकने ‘त्याच एसीत आर-३२ भरून देतो, स्वस्तात पडेल’ असा चौथा पर्याय सुचवला होता. याला कोणीही होकार देऊ नये. आर-३२ हा नव्या यंत्रांतला गॅस आहे; त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असतो, तो सौम्य ज्वलनशील आहे आणि जुन्या कंप्रेसरमधले खनिज तेल त्याच्याशी नीट मिसळत नाही. जुनी नळी, जुनी कॉइल आणि जुना कंप्रेसर त्या दाबासाठी बनवलेलेच नसतात. तसेच गळती पाहण्यासाठी नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर जोडताना कोणी दिसला, तर त्याला तेथेच थांबवावे. कंप्रेसरच्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन भेटला तर स्फोट होतो.

आता पैशांचा हिशेब. एसीच्या कार्यक्षमतेचा हंगामी निर्देशांक, म्हणजे आयएसईईआर, जितका जास्त तितकी त्याच थंडाव्याला वीज कमी. आमच्या जुन्या यंत्राचा तो साधारण ३ धरता येईल; जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तारांकनाच्या तक्त्यानुसार पाच ताऱ्यांसाठी किमान ५ लागत होता. म्हणजे ज्या थंडाव्यासाठी जुन्याला १०० युनिट लागत, त्यासाठी नव्याला ६० पुरतात. हॉलचा एसी वर्षाला हजारेक तास चालतो असे धरले आणि जुने यंत्र तासाला सरासरी सव्वा युनिटाच्या आसपास घेत होते असे मानले, तर वर्षाला पावणेपाचशे ते पाचशे युनिट वाचतात. महावितरणच्या बिलात ही वाचलेली युनिटे नेहमी वरच्या स्लॅबची असतात, हे विसरू नये. उन्हाळ्यात तीनशेच्या पुढे गेलेल्या घरात, वहन आकार आणि वीज शुल्क धरून, त्या युनिटची किंमत मी पंधरा रुपयांच्या आसपास धरली. सरासरी दराने हिशेब केला तर बचत उगीच कमी दिसते. तेव्हा वर्षाला सात हजार रुपये. नवे पाच ताऱ्यांचे यंत्र चव्वेचाळीस हजारांना, दुरुस्ती चौदा हजारांना, फरक तीस हजार, म्हणजे चार-सव्वाचार वर्षांत तो भरून निघतो.

दुकानदार येथेच थांबतात. मी थोडे पुढे जाते, कारण आयएसईईआरचा आकडा २४ ते ४३ अंश या पट्ट्यातल्या वर्षभराच्या १६०० तासांवर बेतलेला आहे आणि त्यात सौम्य तापमानाच्या तासांना बरेच वजन आहे. इन्व्हर्टरची खरी बचत कंप्रेसर अर्ध्या भारावर रेंगाळत चालतो तेव्हा होते. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी तो पूर्ण भारावरच धावतो, आणि तेव्हा नव्या-जुन्यातला फरक लेबल सांगते त्याहून बराच कमी असतो. रात्री मात्र फायदा पुरेपूर मिळतो. आमच्या वापरात दोन्ही मिसळून येत असल्याने परतावा पाच ते सहा वर्षांत धरणे प्रामाणिकपणाचे होईल. ज्यांच्या छतावर सौर पॅनेल आहेत आणि उन्हाळ्यातही बिल जेमतेम येते, त्यांच्यासाठी हा सगळा हिशेब वेगळा आहे. त्यांना वीजबचतीच्या कारणाने चालते यंत्र काढण्याची काहीच गरज नाही.

बेडरूमच्या यंत्राला हाच हिशेब लावला तर उत्तर अगदी उलटे येते. त्याचा आयएसईईआर ४.१ आहे. २०१८ साली त्याला चार तारे होते, २०२२ च्या तक्त्यात तोच आकडा तीन ताऱ्यांत बसतो, आणि दुकानातला माणूस ‘तुमचा तर जुना तीन ताऱ्यांचा’ म्हणून नाक मुरडतो. तारे बदलले तरी यंत्र तेच आहे. एक टनाच्या त्या यंत्राऐवजी पाच ताऱ्यांचे घेतले तर वर्षाला फार तर दोन हजार रुपये वाचले असते, आणि हॉट अँड कोल्ड यंत्रांना आमच्याकडे मागणी कमी असल्याने ती निवडक दुकानांत आणि वाढीव किमतीला मिळतात. चाळीस हजारांच्या आसपास घालून दोन हजार वाचवणे हा व्यवहार नव्हे.

मग त्या पीसीबीचे काय झाले? वर्कशॉपच्या मालकांनी आउटडोअरच्या बोर्डावरचे पत्र्याचे झाकण काढले. आत एक पाल, वाळून कागदासारखी झालेली, दोन जाड सोल्डरच्या रेषांवर आडवी चिकटलेली, आणि तिच्या पोटाखाली बोर्ड काळा जळलेला. उबेसाठी पाली बोर्डात शिरतात आणि शॉर्ट होतो. विदर्भात इन्व्हर्टर एसीचे बोर्ड जाण्याचे हे नेहमीचे कारण आहे, असे ते म्हणाले, आणि त्यांच्या फळीवर ठेवलेले तसेच चार बोर्ड त्यांनी दाखवले. त्यांनी बोर्ड सीताबर्डीतल्या त्यांच्या माहितीच्या बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवला. जळालेला रेक्टिफायर, फ्यूज आणि एक रिले बदलून, तुटलेल्या रेषेला तारेचा पूल घालून बोर्ड परत आला, आणि बसवण्याआधी त्यावर पारदर्शक लेप देऊन आउटडोअरच्या वायरच्या भोकांत बारीक जाळी ठोकली. एकूण बत्तीसशे रुपये, त्यावर तीन महिन्यांची तोंडी हमी. वॉरंटीविषयी विचारणाऱ्यांसाठी: बहुतेक कंपन्या प्राण्यांमुळे किंवा कीटकांमुळे झालेला बिघाड वॉरंटीत धरत नाहीत, त्यामुळे मुदत शिल्लक असली तरी अशा वेळी भांडावे लागते.

हा एसी ठेवण्याचे आणखी एक कारण हिवाळा होते. आईला थंडी बाधते आणि तिच्या खोलीत पूर्वी दोन हजार वॉटचा रूम हीटर लागे, जो तासाला दोन युनिट घेऊन दोन युनिटाचीच ऊब देतो. एसी उलटा चालतो तेव्हा तो ऊब तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणतो; आउटडोअरमधल्या चार मार्गांच्या व्हॉल्व्हने गॅसची दिशा फिरवली की आतली कॉइल गरम आणि बाहेरची थंड होते. एका युनिटात साधारण तीन युनिटांची ऊब मिळते. उत्तरेकडे कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या कॉइलवर बर्फ साचतो आणि यंत्राला मधून मधून थांबून तो वितळवावा लागतो. नागपूरच्या आठ-दहा अंशांच्या रात्रीत तसा प्रसंग क्वचितच येतो. खोली हवाबंद ठेवून कोळशाची शेगडी पेटवण्याचा धोका नाही, हवाही हीटरइतकी जळजळीत लागत नाही. दुरुस्तीनंतरचा पूर्ण हिवाळा हे यंत्र विनातक्रार चालले. बदलायचे झाले असते तर मी पुन्हा हॉट अँड कोल्डच घेतला असता, आणि ज्या घरात वृद्ध माणसे किंवा लहान मूल आहे त्यांनी निदान एका खोलीसाठी तो विचारात घ्यावा.

हॉलसाठी घेतलेले नवे यंत्र दीड टनाचे, पाच ताऱ्यांचे, आर-३२ गॅसचे. तीन ताऱ्यांचे आठ हजारांनी स्वस्त होते. वर्षाला हजार तास वापरणाऱ्याला ते आठ हजार तीनेक वर्षांत वसूल होतात, पाहुण्यांच्या खोलीसाठी मात्र तीन तारे पुष्कळ झाले. थंडावा उत्तम, आवाज जुन्यापेक्षा कितीतरी कमी, रिमोट नको तितका हुशार. आमच्या खरेदीनंतर काही महिन्यांनी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे त्याच मूळ किमतीचे यंत्र आता साडेतीन हजारांनी स्वस्त पडेल. वरचा परताव्याचा काळ वाचकांनी त्या मानाने कमी करून घ्यावा.

यंत्रापेक्षा लक्ष बसवण्यावर ठेवावे. दुकानाकडून आलेल्या दोघा मुलांनी जुनी तांब्याची नळीच वापरू असे सुचवले, तेव्हा मी नकार दिला, कारण तिच्यात आर-२२ चे तेल बसलेले असते आणि तिच्या भिंतीची जाडी नव्या दाबाला पुरेल याची खात्री नसते. सोबत तीन मीटर नळी मिळाली, वरची दोन मीटर मीटरमागे वेगळे पैसे देऊन घेतली. त्यानंतर जोडणी होताच एकाने व्हॉल्व्ह किंचित उघडून गॅसच्या झोताने नळीतली हवा बाहेर उडवायला घेतली. ही सर्रास चालणारी पद्धत आहे, आणि ती अत्यंत वाईट आहे: नळीत हवा आणि ओल राहते, मोजून भरलेला गॅस कमी होतो, आणि दोन वर्षांनी यंत्र ‘गॅस मागू’ लागते. व्हॅक्यूम पंप लावल्याशिवाय पावतीवर सही करणार नाही, असे सांगितल्यावर पंप गाडीतून निघाला. होता, पण वर आणायचा कंटाळा. पंप वीस मिनिटे चालला, बंद केल्यावर गेजची सुई जागची हलली नाही, मग व्हॉल्व्ह उघडले. ड्रेनची नळी या वेळी बाथरूमच्या पाइपात न जोडता बाहेरच्या कुंडीत सोडली. जुने यंत्र एक्स्चेंजमध्ये तीन हजारांना गेले. भंगारवाला तांब्याच्या भावाने त्याहून थोडे जास्त देत होता, परंतु तो नळी कापून उरलासुरला आर-२२ हवेत सोडून देणार हे उघड होते.

वर्कशॉपची उणी बाजूही सांगायला हवी. पावती मागितली तेव्हा पाठकोऱ्या कागदावर लिहून मिळाली, जीएसटीचे बिल नाही. ‘उद्या येतो’ यातला उद्या लवचीक होता, आणि फोन उचलला जाणे नशिबाचा भाग. हमी तोंडी आहे, त्यामुळे ती माणसाच्या शब्दाइतकीच टिकाऊ. यंत्र वॉरंटीत असेल तर त्यांच्याकडे मुळीच जाऊ नये. बाहेरच्या हाताने उघडलेल्या यंत्राची जबाबदारी कंपनी झटकते आणि तेव्हा सेवा केंद्र कितीही संथ असले तरी तेच बोलवावे. वॉरंटी संपलेल्या यंत्रासाठी मात्र मी आधी याच वर्कशॉपला बोलावीन आणि गळती किंवा जळालेला भाग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दुरुस्तीला किंवा नव्या खरेदीला, कशालाच, हो म्हणणार नाही. गळती तपासण्याचे त्यांनी पाचशे रुपये घेतले. पुढे काम त्यांनाच दिले तर ते वजा होतात. होळीच्या आधी गेल्यास ते निवांत भेटतात. होळीनंतर जून संपेपर्यंत दुकानाच्या दारात आउटडोअरची रांग लागलेली असते आणि नवीन गिऱ्हाइकाला साधारण दहा दिवसांनंतरचा वार मिळतो.